दोनशेची केबल आणि अडकलेल्या सहा गाड्या

आज दुकानाऐवजी जंगलातली गोष्ट सांगतो. शेवटी ती दुकानावरच येते, तेव्हा पूर्ण वाचा.

दिवाळीनंतर आम्ही सहा जण सहा बाईक घेऊन चंद्रपूरहून निघालो. गोंडपिपरी, आष्टी, आलापल्ली आणि पुढे भामरागड, असा बेत होता. पर्लकोटा, पामुलगौतम आणि इंद्रावती या तीन नद्यांचा संगम बघायचा होता. आलापल्लीपर्यंत काही अडलं तर दुकानं आहेत. त्यापुढे सगळं जंगल, आणि आम्ही हौसेनं डांबरी रस्ता सोडून कच्च्या वाटेला लागलो.

पहिला झटका नाल्यात बसला. एकाची गाडी गुडघाभर पाण्यात आडवी झाली आणि बंद पडली. तो सेल्फ मारणार, तेवढ्यात मागचा ओरडला, "भाऊ, सेल्फ नको मारू!"

कारण असं, की पिस्टन हवा दाबतो, पण पाणी दाबलं जात नाही. इंजिनात पाणी असताना जोर लावला, तर कनेक्टिंग रॉड वाकू शकतो, म्हणजे अख्खं इंजिन खोलायचं काम. आम्ही गाडी काठावर ढकलत आणली, एअर फिल्टर वाळवला आणि प्लग काढून इंजिन फिरवलं. पाणी प्लगच्या भोकातून बाहेर आलं. ऑईल बघितलं, दुधाळ झालं नव्हतं. पाऊण तासात गाडी सुरू! कारण एकाकडे प्लग पाना होता.

दुसरा झटका साधा होता. चढावर एकाची क्लच केबल तुटली. केबलच्या तारा बहुतेक वेळा लिव्हरजवळ एकेक करून तुटतात आणि क्लच आधीच जड लागायला लागतो. त्याला दोन दिवसांपासून जड लागत होता, पण म्हणाला, "चालतंय ना!"

केबल दोन-तीनशे रुपयांची. आमच्याकडे ड्रोन होता, महागडे जॅकेट होते, केबल कोणाकडेच नव्हती. दोघं आलापल्लीला परत गेले, उरलेले चौघं वाटेत बसून. केबल येईपर्यंत अंधार पडला. अशा वाटेवर रात्री गाडी चालवणं धोक्याचं, म्हणून संगम न बघताच मागे फिरलो.

आता हिशोब बघा. इंजिनात पाणी जाणं हा मोठा बिघाड, पण हाताशी पाना होता म्हणून पाऊण तासात सुटला. केबल तुटणं हा छोटा बिघाड, त्यानं सहा जणांची ट्रिप संपवली.

दुकानातही हेच होतं. पहिल्या वर्षी मी काचेच्या काउंटरवर भरपूर पैसे घातले. ऐन सणाच्या गर्दीत वजनकाट्याचा चार्जर जळला, दुसरा नव्हता, आणि गिऱ्हाईक माझ्या डोळ्यांदेखत शेजारच्या दुकानात गेलं.

म्हणून वस्तू किती रुपयांची आहे हे बघू नका, ती नसली तर काय काय थांबतं ते बघा. आज रात्री शटर पाडायच्या आधी कागद घ्या आणि तीन रकाने आखा: कोणती वस्तू बंद पडली तर विक्री थांबते, ती आणायला किती वेळ लागतो, आणि एक जास्तीची आहे का. पहिल्या रकान्यात "विक्री थांबते" आणि तिसऱ्यात "नाही" आलं, की ती वस्तू उद्याच आणा.

आणि हो, तुमच्या धंद्यात कोणता क्लच जड लागतोय, तेही बघा. तुटायच्या आधी तो सांगत असतो.