कुलूप, तारा आणि पंचवीस वॉट

शहाद्याला खेटून असलेल्या लोणखेड्यासारख्या गावांत नव्वदीच्या दशकात व्हिडिओ गेम म्हणजे टीव्हीला जोडायचा ‘लिटल मास्टर’ किंवा ‘सामुराई’. हे सगळे निन्टेंडोच्या जपानी फॅमिकॉमच्या जातकुळीतले. त्या फॅमिकॉमला मुळात कुलूपच नव्हतं. कुठलीही कॅसेट खोचा, गेम सुरू. निन्टेंडोनं कुलूप-चिप घातली ती १९८५ साली अमेरिकेत विकलेल्या मशीनमध्ये, आणि तिच्याशी आपला कधी संबंध आला नाही.

कुलपाशी आपला संबंध आला तो प्लेस्टेशनमुळे. सोनीनं डिसेंबर १९९४मध्ये जपानात आणलेलं हे मशीन आपल्याकडे बरंचसं आडमार्गानंच पोचलं. त्याच्या अस्सल सीडीवर सुरुवातीच्या भागात खाचेची एक बारीक थरथर असते आणि त्या थरथरीत चार अक्षरं दडलेली असतात. जपानसाठी एससीईआय, अमेरिकेसाठी एससीईए, युरोपसाठी एससीईई. घरच्या सीडी रायटरला ही थरथर काढता येत नाही. म्हणून मशीनमध्ये वरून एक चिप जोडायची, ती मॉडचिप. तिचं काम एवढंच की योग्य क्षणी तीच अक्षरं मशीनला ऐकवायची. त्यासाठी मायक्रोचिप कंपनीची आठ पायांची पिक चिप आणि पाच-सात तारा पुरत. मुंबईचा लॅमिंग्टन रोड अशा सुट्या मालाचं माहेरघर.

अवघड होतं ते डाग देणं. साध्या पंचवीस वॉटच्या सोल्डरिंग आयर्नला तापमान धरून ठेवण्याची सोय नसते. ऊस-केळीच्या पट्ट्यात पाण्याच्या मोटारी चालू झाल्या, व्होल्टेज पडलं, की टोक थंडावणार. भारनियमनाच्या वर्षांत तर वीजच गुल. कथील-शिशाची ६०-४० तार १८३ अंशांना वितळायला लागते, पण डाग नीट बसायला टोक त्याहून बरंच गरम लागतं. नवशिक्या हमखास उलटं करतो: वितळलेलं सोल्डर टोकावर घेऊन जागेवर थापतो. मग वरून गोळा दिसतो आणि आतून ड्राय सोल्डर. तारेच्या टोकाला आधी कल्हई, जागेवर फ्लक्स, दोन सेकंद टेकवून हात वर. जास्त वेळ दाबलं की तांब्याची चकती बोर्डापासून सुटते. जमलं की नाही ते टीव्हीच सांगे. सोनीचा पांढरा पडदा सगळ्यांनाच दिसतो; त्यामागून पीएसचं चिन्ह असलेला काळा पडदा आला, म्हणजे कुलूप उघडलं.

मार्च २००० मध्ये आलेल्या प्लेस्टेशन २ नं हा खेळ नवशिक्यांच्या हातून काढून घेतला. तारा विसाच्या घरात, काही थेट आयसीच्या केसासारख्या पायांवर. ते काम दुकानदाराचंच. पण २००८च्या सुमारास फ्री मॅकबूट नावाचं सॉफ्टवेअर आलं आणि नुसत्या मेमरी कार्डानं तेच साधू लागलं. सोल्डरची गरजच संपली.

हे सगळं मुख्यतः नकली सीडीसाठी चाललं होतं, त्याला हौसेचा मुलामा देण्यात अर्थ नाही. ऑस्ट्रेलियाच्या उच्च न्यायालयानं २००५ साली सोनीविरुद्धच्या खटल्यात मॉडचिप विकणाऱ्याच्या बाजूनं निकाल दिला. आपल्याकडे २०१२च्या दुरुस्तीनं प्रताधिकार कायद्यात कलम ६५अ आलं आणि हक्कभंगाच्या हेतूनं असं कुलूप फोडणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैदेची तरतूद झाली.

आता काळ फिरलाय. जुन्या प्लेस्टेशनसाठी आठ पायांच्या एटीटायनी चिपवर चालणारा कोड फुकट मिळतो, तापमान धरून ठेवणारं आयर्न घरपोच येतं. त्या मशीनची लेन्स मात्र म्हातारी झालीय. चिप बिनचूक बसली तरी कधी कधी सीडी नुसतीच गरगरते. म्हणून हात घालण्याआधी अस्सल सीडी लावून बघावी, आणि पहिले डाग भंगारातल्या सेट-टॉप बॉक्सवर द्यावेत.