संगणकाला पडलेले 'आय'चे कोडे

इंग्रजीत 'पुणे' हे नाव कॅपिटल अक्षरांत लिहिले काय किंवा स्मॉल अक्षरांत लिहिले काय, वाचणाऱ्याला फरक पडत नाही. संगणकाला मात्र पडतो. त्याच्या लेखी अक्षर म्हणजे केवळ एक क्रमांक. 'आस्की' या संकेतावलीत कॅपिटल 'ए'चा क्रमांक ६५, तर स्मॉल 'ए'चा ९७. सव्वीसही जोड्यांत हे अंतर नेमके ३२ आहे. त्यामुळे हा भेद डावलून दोन शब्द ताडायचे असतील, तर प्रोग्रामर ते आधी एकाच रूपात आणतो आणि मग तुलना करतो. पासवर्डला ही सवलत दिली जात नाही, हे योग्यच.

इंग्रजीपुरती ही युक्ती बिनधोक आहे. पंचाईत होते ती तुर्कीत. तुर्कस्तानने १९२८मध्ये रोमन लिपी स्वीकारली, तेव्हा टिंबाचा आणि बिनटिंबाचा असे दोन स्वतंत्र 'आय' ठरले. तेथे साध्या कॅपिटल 'आय'चे स्मॉल रूप बिनटिंबाचे असते. परिणामी, संगणकाची भाषा तुर्की असेल, तर कॅपिटलमधील 'टायटल' हा शब्द स्मॉल करताच त्यातील टिंब गळते आणि अन्यत्र सुरळीत चालणारा प्रोग्राम इस्तंबूलमध्ये अडतो.

हा केवळ शुद्धलेखनाचा प्रश्न नाही. बिनटिंबाचा 'आय' कॅपिटल केला की इंग्रजी 'आय'च उरतो. समजा, कोणी दुसऱ्याच्या ई-मेल पत्त्यात तो घालून पासवर्ड बदलण्याची विनंती केली. संकेतस्थळाने कॅपिटल रूपे ताडली, तर पत्ते जुळतात. आणि उत्तर नोंदीतल्या पत्त्याऐवजी टाइप केलेल्या पत्त्यावर धाडले, तर खात्याची किल्ली थेट भामट्याच्या हाती! 'गिटहब'मधील असा दोष २०१९मध्ये चर्चेत आला होता.

जर्मनमधील 'एस्त्सेट' हे अक्षर तर कॅपिटल करताना दोन 'एस' होते; शब्दाची लांबीच बदलते. अशा तुलनेसाठी युनिकोडने 'केस फोल्डिंग'चे स्वतंत्र कोष्टक दिले आहे. त्यात बिनटिंबाचा 'आय' इंग्रजी 'आय'मध्ये मिसळत नाही.

देवनागरीत कॅपिटल-स्मॉल नाही, म्हणून मराठी माणसाने निश्चिंत राहावे, तर तसेही नाही. 'कुऱ्हाडे' या आडनावातील 'ऱ' युनिकोडमध्ये एकसंध अक्षर म्हणून साठवता येतो, तसाच 'र'ला नुक्ता जोडूनही. दिसायला दोन्ही एकच, क्रमांक मात्र वेगळे. तुलनेआधी दोन्ही प्रमाण रूपात आणले नाहीत, तर यादीत नाव असूनही 'नोंद सापडली नाही' असे उत्तर मिळू शकते.