तीन तारांची गोष्ट आणि तीन व्हायोलिनं

वर्षातून एकदा तरी ती गोष्ट फिरत फिरत माझ्या फोनवर येतेच. आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर, सकाळची फुलं आणि पाणी न आल्याची तक्रार यांच्या मधोमध. इझाक पर्लमन हा पोलिओ झालेला व्हायोलिनवादक कुबड्या सावरत रंगमंचावर येतो, वाजवायला लागतो आणि फाडकन एक तार तुटते. सभागृह चिडीचूप. तो क्षणभर डोळे मिटतो आणि उरलेल्या तीन तारांवर सगळी रचना वाजवून दाखवतो. शेवटी एक सुविचार, त्याखाली जोडलेले हात.

पर्लमन खरा आहे. चौथ्या वर्षी झालेला पोलिओ खरा, बसून वाजवणं खरं. गोष्टीत तारीखही असते, १८ नोव्हेंबर १९९५, न्यूयॉर्क. मात्र ती पहिल्यांदा गाजली २००१ साली, ह्यूस्टनच्या एका वृत्तपत्रात छापून आल्यावर. त्याआधी असं काही घडल्याचा लेखी पुरावा शोधणाऱ्यांना मिळालेला नाही. न्यूयॉर्कच्या भरल्या सभागृहात असला पराक्रम व्हावा आणि दुसऱ्या दिवशीच्या पेपरांनी तोंडात मिठाची गुळणी धरून बसावं, हे काही पटत नाही.

पाश्चात्त्य अभिजात संगीतातल्या व्हायोलिनवादकांबद्दल आपल्या मनात जे काही असतं ते बरंचसं अशाच गोष्टींमधून आलेलं असतं. त्यातल्या काही गोष्टी जरा उघडून पाहू.

गैरसमज : तार तुटली तरी खरा कलावंत थांबत नाही, तिन्हींवर भागवतो.

व्हायोलिनच्या चार तारा एकमेकींपासून सा-प अंतरावर लावलेल्या असतात. सगळ्यात बारीक तार गेली की तिच्यावरचे सूर शेजारच्या तारेवर, घोडीच्या दिशेनं पार पुढे सरकून शोधावे लागतात. वर्षानुवर्षं बोटांत बसलेला हिशेब एका क्षणात मोडतो. दोन-चार ओळी कशाबशा निभावतील, अख्खी रचना नाही. म्हणून या धंद्यानं त्याची सोय लावून ठेवली आहे. सोलोवादकानं जवळच बसलेल्या कॉन्सर्टमास्टरचं, म्हणजे व्हायोलिनवाल्यांच्या म्होरक्याचं, वाद्य घ्यायचं. त्यानं आपल्या शेजाऱ्याचं घ्यायचं. तुटक्या तारेचं व्हायोलिन हातोहात मागे जातं आणि तिथे कुणीतरी गुपचूप नवी तार चढवतं.

२६ जुलै १९८६ ला अमेरिकेत टँगलवूडच्या महोत्सवात हे घडलं, आणि त्याला साक्षीदार आहेत. चौदा वर्षांची जपानी मुलगी मिडोरी लेनर्ड बर्नस्टाइनची 'सेरेनेड' वाजवत होती, समोर संचालनाला खुद्द बर्नस्टाइन. शेवटच्या भागात तिची बारीक तार तुटली. ती वळली, कॉन्सर्टमास्टरचं स्ट्रॅडिव्हेरियस, म्हणजे जुनं नामांकित इटालियन व्हायोलिन, घेतलं, हनुवटीखाली बसवलं आणि पुढे चालू. थोड्या वेळानं त्याचीही तीच तार तुटली. पुन्हा वळली, आता कॉन्सर्टमास्टरच्या सहकाऱ्याचं व्हायोलिन घेतलं. दोन्ही वाद्यं तिच्या सवयीच्या वाद्यापेक्षा मोठी होती, म्हणजे बोटांमधली अंतरं वाजवता वाजवता बदलायची. तिनं रचना पुरी केली. न्यूयॉर्क टाइम्सनं ही बातमी पहिल्या पानावर छापली.

मला तीन तारांपेक्षा तीन व्हायोलिनांची गोष्ट कितीतरी जास्त आवडते. तीन तारांच्या गोष्टीत मागचा ऑर्केस्ट्रा जणू नसतोच. या गोष्टीत दोन माणसं आपली जिवापाड जपलेली वाद्यं क्षणाचाही विचार न करता एका पोरीच्या हातात देतात. ग्रुपवर पाठवायला ती जरा लांब पडते, एवढाच दोष.

गैरसमज : लहानपणी चमकला की पुढचं आयुष्य मार्गी लागलं.

याच मिडोरीला १९८२ मध्ये, अकरा वर्षांची असताना, न्यूयॉर्क फिलहार्मोनिकबरोबर पहिल्यांदा उभं केलं ते आपल्या मुंबईच्या झुबिन मेहतांनी. पण विशीत तिची तब्येत ढासळली आणि काही काळ कार्यक्रम बंद ठेवावे लागले. पुढे तिनं चक्क मानसशास्त्रात पदव्या घेतल्या.

यहुदी मेन्युहिनचं उदाहरण आणखी बोलकं आहे. जन्म १९१६ चा. अकराव्या वर्षी कार्नेगी हॉलमध्ये बेथोव्हनचा कॉन्चेर्तो. १९२९ मध्ये, तेरावं लागता लागता, बर्लिनला एकाच संध्याकाळी बाख, बेथोव्हन आणि ब्राम्स. लोक वेडे झाले. पण त्याआधीचा एक प्रसंग तो स्वतःच सांगत असे. थोर वादक इझाई यांच्याकडे ब्रसेल्सला आईबरोबर गेला होता. संगीतकार लालोची अवघड रचना वाजवून दाखवली. इझाईंनी ऐकून घेतलं आणि एक साधी सुरावट मागितली : अमुक पट्टीतले सा-ग-प-सा. मुलगा चाचपडायला लागला. पोरा, पलटे घोट, असा त्यांच्या सल्ल्याचा मराठीतला अर्थ. आपल्याकडच्या कुठल्याही बुवांनी नेमकं हेच सांगितलं असतं. मुलगा मात्र त्यांच्याकडे शिकायला राहिला नाही.

हिशेब तिशीच्या सुमारास चुकता झाला. युद्धकाळात सैनिकांसाठी शेकडो कार्यक्रम झाले आणि हाताला आजवर जे आपोआप येत होतं ते येईनासं झालं. गज कसा धरायचा, खांदा कुठे सोडायचा, हे प्रश्न जगप्रसिद्ध माणसाला नवशिक्यासारखे पडले. त्यानं वाजवण्याची पद्धत मुळापासून तपासायला घेतली.

गैरसमज : उभं राहून गज ओढायचा, त्यात अंगमेहनत कसली?

वाचता वाचता करून पाहा. डावा हात पुढे करा, तळवा स्वतःकडे वळवा, कोपर छातीच्या मध्याकडे आत ओढा. आता मान डावीकडे वळवून हनुवटी खाली दाबा आणि उजवा हात खांद्याच्या उंचीला धरा. मिनिटभरात खांद्यात कळ येईल. बेथोव्हनचा कॉन्चेर्तो चाळीस मिनिटांच्या वर चालतो, आणि ती नुसती मैफल झाली, रियाज वेगळाच. (आपले हिंदुस्थानी शैलीचे वादक मांडी घालून व्हायोलिनचं टोक पायावर टेकवतात. ती सोय मिंडेसाठी, हात मोकळा राहावा म्हणून. मानेलाही आराम पडत असणारच.) मॅक्सिम वेंगेरोव्हसारखा वादक खांद्याच्या दुखण्यानं ऐन उमेदीत काही वर्षं सोलो वाजवू शकला नाही. तेवढ्या काळात संचालन शिकला आणि मग परतला.

मेन्युहिनचं दुखणं थेट आपल्या दारात आलं. १९५२ मध्ये नेहरूंच्या निमंत्रणावरून तो भारतात दुष्काळनिधीसाठी कार्यक्रम करायला आला, तेव्हा मुंबईत त्याची गाठ पुण्याचे योगगुरू बी. के. एस. अय्यंगार यांच्याशी पडली. पाहुणा दमलेला होता, वेळ दिली होती फक्त पाच मिनिटं. अय्यंगारांनी त्याला आडवं केलं, बोटांनी डोळे-कान मिटवले, आणि स्वारी तासभर गाढ झोपली. पुढे त्यानं अय्यंगारांना युरोपात बोलावलं, १९५४ मध्ये घड्याळ भेट दिलं आणि १९६६ च्या 'लाइट ऑन योग'ला प्रस्तावनाही लिहिली. पाश्चात्त्य जगात अय्यंगारांचं नाव पोचवण्यात एका व्हायोलिनवाल्याच्या आखडलेल्या खांद्यांचा एवढा वाटा आहे. पुण्यात मॉडेल कॉलनीतल्या अय्यंगारांच्या योगसंस्थेवरून जाताना हे हटकून आठवतं.

गैरसमज : गळ्यावर डाव्या जबड्याखाली तो डाग म्हणजे...

नाही. व्हायोलिन घासून पडलेला घट्टा आहे तो.

गैरसमज : खरी जादू स्ट्रॅडिव्हेरियसमध्ये असते.

२०१० मध्ये इंडियानापोलिसला २१ वादकांना एका हॉटेलच्या खोलीत अंधूक उजेडात, डोळ्यांवर काळे चष्मे चढवून सहा व्हायोलिनं वाजवायला दिली. तीन जुनी इटालियन, तीन नवीन. बहुतेकांना फरक ओळखता आला नाही, आणि सगळ्यात नावडतं ठरलं ते एक स्ट्रॅडिव्हेरियस. दोन वर्षांनी पॅरिसला दहा सोलोवादकांना असंच बसवलं, तर सहाजणांनी स्वतःसाठी नवंच वाद्य निवडलं.

पण प्रयोगाहून मोठा दाखला चोरीचा. १९३६ मध्ये नामांकित वादक ब्रोनिस्लाव्ह हुबरमान कार्नेगी हॉलमध्ये दुसऱ्या व्हायोलिनवर वाजवत असताना त्याचं १७१३ चं स्ट्रॅड आतल्या खोलीतून गेलं. ते होतं ज्युलियन ऑल्टमन नावाच्या वादकाकडे. जवळजवळ पन्नास वर्षं तो ते हॉटेलांत, समारंभांत, काही काळ वॉशिंग्टनच्या ऑर्केस्ट्रातही वाजवत राहिला. लोक जेवत होते, टाळ्याही पडत असतील. वाद्य कुणी ओळखलं नाही आणि ऑल्टमन काही हुबरमान झाला नाही. १९८५ मध्ये मरणाच्या दारात त्यानं बायकोला खरं सांगितलं. तेच व्हायोलिन आज सोलोवादक जोशुआ बेलकडे आहे.

गैरसमज : व्हायोलिनवादक म्हणजे सोलोवादक, बाकीचे जमलं नाही म्हणून मागे बसलेले.

सोलोच्या जागा जगभरात बोटांवर मोजण्याइतक्या. बाकी सगळे ऑर्केस्ट्रात, चार तंतुवाद्यांच्या चौकडीत, शिकवण्यात, स्टुडिओत असतात. गोव्यातून मुंबईला आलेल्या कित्येकांच्या व्हायोलिनवर हिंदी सिनेमाचं संगीत उभं राहिलं, आणि पडद्यावर नावं मात्र दुसऱ्यांची आली.

आणि झुबिनचे वडील मेहली मेहता. १९३५ मध्ये मुंबईत सिम्फनी ऑर्केस्ट्रा उभा केलेला माणूस. १९४५ मध्ये, वय सदतिशीच्या आसपास, झुबिन नऊ वर्षांचा असताना, घर मागे ठेवून ते न्यूयॉर्कला गेले. कशासाठी? पुन्हा शिकायला. इव्हान गलामियन या गुरूंसमोर विद्यार्थी म्हणून उभे राहिले. परत आले, मग मँचेस्टरच्या हाले ऑर्केस्ट्रात म्होरक्याचे सहायक झाले, मग फिलाडेल्फियाच्या चौकडीत. जगाच्या लेखी ते कधीच 'मोठे सोलोवादक' नव्हते. १९६४ पासून लॉस एंजेलिसला तरुण पोरांचा ऑर्केस्ट्रा घडवत बसले, तो सोडला तेव्हा नव्वदीला टेकले होते.