पाण्यावरची रेघ

क्षणात पुसून जाणाऱ्या गोष्टीला आपण ‘पाण्यावरची रेघ’ म्हणतो. परंतु पावणेदोनशेहून अधिक वर्षे टिकून राहिलेली पाण्यावरची एक रेघ अमेरिका आणि कॅनडा यांच्यामध्ये आहे. तिची ओळख आम्हांस आमच्या भाच्यामुळे झाली. तो नोकरीनिमित्त मिनेसोटा राज्यात राहतो. उन्हाळ्यात मित्रांसह होडीने आठवडाभर अरण्यात हिंडण्याचा त्याचा बेत होता. मित्र अमेरिकन आणि भाच्याच्या खिशात भारतीय पासपोर्ट. बेताचे पहिले वळण येथेच आले.

या मुलखात जमिनीपेक्षा पाणीच अधिक नजरेत भरते. दक्षिणेस अमेरिकेचे ‘बाउंडरी वॉटर्स’ हे सुमारे अकरा लक्ष एकरांचे राखीव अरण्य, तर उत्तरेस कॅनडाच्या ऑन्टारिओ प्रांताचे १९१३ पासूनचे ‘क्वेटिको’ उद्यान. मध्ये सरोवरांची माळ. ‘कनू’ नावाची हलकी, निमुळती होडी वल्हवीत एक सरोवर पार करावयाचे, मग होडी खांद्यावर घेऊन पायवाटेने पुढचे गाठावयाचे. या पायवाटेला ‘पोर्टेज’ म्हणतात. तिची लांबी आजही ‘रॉड’मध्ये मोजतात. एक रॉड म्हणजे साडेसोळा फूट, जवळजवळ एका होडीची लांबी.

ओजिब्वे लोक या पाण्यावरून ये-जा करीत, तेव्हा येथे कोणतीच सीमा नव्हती. पुढे कातड्यांचे व्यापारी त्याच वाटांनी आले. दोन राष्ट्रांतील सीमेचा वाद मिटला तो १८४२ च्या वेब्स्टर-ॲशबर्टन करारात. करार करणाऱ्यांचे शहाणपण असे, की सुपीरिअर सरोवरापासून ‘लेक ऑफ द वुड्स’पर्यंतचे सीमेवरील जलमार्ग आणि नेहमीची पोर्टेज दोन्ही देशांच्या नागरिकांस खुली राहतील, असे त्यांनी लिहून ठेवले. रेघ ओढली, पण वाट अडविली नाही.

मात्र वाटेने जाणे वेगळे आणि पलीकडे उतरून मुक्काम करणे वेगळे. क्वेटिकोत राहावयाचे तर उद्यानाचा परवाना हवा, आणि कॅनडाच्या सीमासेवेची अनुमतीही हवी. चौकी कोसोगणती दूर असल्याने कॅनडाने ‘दुर्गम भाग सीमापार परवाना’ देण्याची सोय केली होती. आधी अर्ज करून तो मिळविला, की वर्षभर चौकीवर न जाता थेट होडीने प्रवेश करता येई. तो घेणारे बहुतेक अमेरिकनच असत. २०२४ मध्ये नवे अर्ज स्वीकारणे थांबले. पुढे २०२५ मध्ये, १४ सप्टेंबर २०२६ पासून ही पद्धत बंद होऊन प्रवाशांनी दूरध्वनीवरून वर्दी द्यावी, असे जाहीर झाले. अरण्यात दूरध्वनीची लहर क्वचितच पोहोचते, ही होडीवाल्यांची चिंता होय. परत येताना अमेरिकेच्या अधिकाऱ्यांकडेही नोंद करावी लागते, ते निराळेच.

भाच्याची अडचण याहून मुळातली होती. तो परवाना केवळ दोन्ही देशांचे नागरिक आणि कायम रहिवासी यांच्यासाठी होता. नोकरीच्या व्हिसावर राहणारा भारतीय त्यात बसत नव्हता. १८४२ च्या करारातील उदार शब्दही दोन देशांच्या नागरिकांपुरतेच आहेत. याउलट, बाउंडरी वॉटर्सचा मुक्कामी परवाना कोणाचे राष्ट्रीयत्व विचारीत नाही. १ मे ते ३० सप्टेंबर या काळात प्रत्येक प्रवेशस्थानी रोज ठराविक तुकड्याच सोडतात आणि एका तुकडीत नऊ माणसे व चार होड्या, एवढीच मर्यादा असते. हा परवाना अरण्याच्या रक्षणाचा आहे. दुसरा राज्याच्या सार्वभौमत्वाचा. दोन्ही कागदच, पण एक मिळाला म्हणून दुसरा मिळाला, असे समजणे घातक ठरते.

आपल्यापैकी अनेकांची मुले आज परदेशी आहेत. त्यांना आम्ही एवढेच सांगू, की सरोवरात कुंपण दिसत नाही म्हणून सीमा नाही असे मानू नये. मित्रांना चालते ते आपल्याला चालेलच असे नाही. मौजेखातर पलीकडे काढलेल्या एका रात्रीचा जाब पुढे व्हिसाच्या खिडकीवर द्यावा लागू शकतो. निघण्यापूर्वी दोन्ही देशांच्या अधिकाऱ्यांना विचारावे; नियम बदलत असतात.

आम्ही बेळगाव भागातील माणसे सीमा या शब्दाला सरावलेली. येथे ती रोज ओलांडली जाते, आणि कोणी कागद विचारीत नाही. भाच्याचे कळविणे वाचताना या सहजपणाचे मोल आम्हांस प्रथमच जाणवले.

मित्रांनी अखेर बेत बदलला. त्याला मागे ठेवून पलीकडे जाण्यापेक्षा सर्वांनीच बासवुड सरोवराच्या अमेरिकन काठावर तंबू ठोकला. समोर कॅनडाचा काठ अंधारात बुडत होता. “मामा, पाणी मात्र दोन्हीकडे एकच होते,” असे त्याने लिहिले आहे.