कळ नेमकी कधी सुरू झाली?

जेवणानंतर उजव्या बरगडीखाली कळ उठते, पाठीत किंवा उजव्या खांद्याकडे सरकते, उलटी होते. घरात 'पित्त झालंय' म्हणून गोळी दिली जाते. पित्ताशयातल्या खड्यांची साधी कळ काही तासांत ओसरते. पण ती थांबेना आणि ताप भरला, तर पित्ताशयाला सूज आलेली असू शकते. बहुतेकदा खडा पित्ताशयाच्या नळीत अडकतो, पित्त कोंडते, आतला दाब वाढतो, भिंतीचा रक्तपुरवठा घटतो आणि जंतूंना वाव मिळतो.

निदान पोट तपासून, रक्ततपासणी आणि सोनोग्राफीने होते. पुढचा प्रश्न तितकाच मोलाचा: आजार किती गंभीर आहे? त्यासाठी जगभर 'टोकियो मार्गदर्शक तत्त्वे' वापरतात. ती २००७ साली आली, २०१३ आणि २०१८ मध्ये सुधारली गेली.

त्यांत तीन पायऱ्या आहेत. तिसरी, सर्वांत गंभीर पायरी म्हणजे इतर अवयवांवर परिणाम: औषधांशिवाय न टिकणारा रक्तदाब, ग्लानी, श्वासाचा त्रास, लघवी कमी होणे, प्लेटलेट एक लाखाखाली जाणे. असे काही नसेल, पण पांढऱ्या पेशी १८ हजारांवर असतील, बरगडीखाली दुखरा गोळा हाताला लागत असेल, पित्ताशय सडू लागले असेल किंवा दुखणे ७२ तासांपेक्षा जुने असेल, तर दुसरी पायरी. उरलेले पहिल्या पायरीवर.

यावरच उपचार ठरतात. सौम्य आजारात, प्रकृती साथ देत असेल, तर दुर्बिणीतून लवकर शस्त्रक्रिया करतात. गंभीर रुग्णाला आधी अतिदक्षता विभागात सावरावे लागते, कधी नळी घालून तुंबलेले पित्त बाहेर काढतात.

पण अंतर मोठे असेल, तर रुग्णालयात पोचण्यातच वेळ जातो. अहिल्यानगर हा क्षेत्रफळाने महाराष्ट्रातला सर्वांत मोठा जिल्हा. अकोले तालुक्यातल्या डोंगरी वाडीतून किंवा ऊसतोडीच्या फडावरून मोठे रुग्णालय गाठेपर्यंत ७२ तास सहज उलटतात. तरी रक्तदाब, शुद्ध, लघवी आणि पेशींची मोजणी जवळच्या ग्रामीण रुग्णालयातही पाहता येते. एवढ्यावरूनही रुग्णाला तातडीने पुढे हलवायचे का, याचा बराच अंदाज येतो.

कळ कधी सुरू झाली, हे मात्र घरच्यांनीच सांगायचे असते. वेळ लिहून ठेवा. वृद्ध आणि मधुमेहींमध्ये वेदना व ताप कमी जाणवतात, म्हणून त्यांच्या बाबतीत सकाळची वाट पाहू नका.