पाच ग्रॅमचं फूल, चाळीस किलोचं मूल

बॅडमिंटनच्या शटलला आपल्याकडे अजूनही कितीतरी लोक 'फूल' म्हणतात. बुचाच्या गोल बुडात खोवलेली १६ पिसं, एवढंच ते फूल. नियमानुसार त्याचं वजन ४.७४ ते ५.५० ग्रॅम असावं लागतं. ते मारणारं सातवी-आठवीतलं मूल साधारण चाळीस किलोचं. शाळाशाळांची बॅडमिंटन स्पर्धा भरवायला घेतली की या दोघांचं भांडण लागतं. फुलाला वारा चालत नाही आणि मुलाला वाऱ्यावाचून चालत नाही.

खान्देशात हे भांडण जास्तच तापतं. सावद्यासारख्या गावात ऑगस्टपासून शालेय स्पर्धांची धावपळ सुरू होते. रावेर तालुका, मग जळगाव जिल्हा, पुढे नाशिक विभाग आणि राज्य अशी ही पायरी-पायरीची चढण. गट १४, १७ आणि १९ वर्षांखालचे. याच दिवसांत पाऊस उघडीप देतो, ऊन कडकडीत पडतं, हवेत ओल असते आणि ऑक्टोबरची तलखी दाराशी आलेली असते. सभागृहाच्या खिडक्या बंद, पंखे बंद, आत शे-दीडशे मुलं. अशा सभागृहात दुपारी दोन वाजता नुसतं पंधरा मिनिटं उभं राहून पाहा, म्हणजे खेळणाऱ्या मुलाची काय अवस्था होत असेल ते कळेल.

मग स्पर्धाच नको का? नको कशी? जागतिक आरोग्य संघटना सांगते की ५ ते १७ वर्षांच्या मुलांनी रोज सरासरी एक तास तरी दम लागेल अशी हालचाल करावी. १४६ देशांच्या आकडेवारीवर आधारलेल्या, २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ११ ते १७ वयोगटातली ८१ टक्के मुलं एवढं हलत नाहीत असं दिसलं. मुलग्यांत हे प्रमाण ७८ टक्के, मुलींत ८५. बॅडमिंटनमध्ये धक्काबुक्की नाही, जागा कमी लागते आणि मुलगे-मुली एकाच मैदानात एकत्र खेळू शकतात. कोपनहेगनच्या सुमारे साडेआठ हजार प्रौढांवर २५ वर्षं चाललेल्या पाहणीत बॅडमिंटन खेळणाऱ्यांचं आयुर्मान बैठी जीवनशैली असणाऱ्यांपेक्षा सरासरी ६.२ वर्षांनी जास्त आढळलं. खेळामुळेच आयुष्य वाढलं, असं अशा पाहणीवरून छातीठोकपणे म्हणता येत नाही. खेळणारे लोक एरवीही सुस्थितीतले असू शकतात. पण चौदाव्या वर्षी हातात आलेली रॅकेट चाळिशीतही हातात राहू शकते, हे या खेळाचं वैशिष्ट्य नक्कीच आहे.

फुलाला वारा का चालत नाही?

चेंडू हवेला कापत जातो, शटल हवेला अडतं. पिसांचा घेर पॅराशूटसारखा काम करतो. भारताच्या सात्विकसाईराज रंकीरेड्डीने मारलेल्या स्मॅशचा वेग ताशी ५६५ किलोमीटर मोजला गेला आणि २०२३ साली त्याची गिनेस विक्रम म्हणून नोंद झाली. हा वेग रॅकेट सोडतानाचा. समोरच्यापर्यंत पोचेपर्यंत त्यातला फार थोडा उरतो. उंचावरून सरळ खाली पडणारं शटल सेकंदाला पावणेसात मीटरच्या आसपास, म्हणजे ताशी साधारण २४ किलोमीटरच्या पलीकडे वेग घेऊच शकत नाही. आता बाजूने सेकंदाला एक मीटरचा, गालाला जेमतेम जाणवेल असा झोत आला, तर तो फुलाच्या वेगाच्या सातव्या हिश्शाएवढा झाला. उंच टोलवलेलं फूल हातभर तरी सरकतं. रेषेच्या आतलं बाहेर जातं आणि वाद सुरू होतात. म्हणून पंखे बंद.

उष्णतेचा फुलावर आणखी एक परिणाम होतो. ४० अंशांची हवा २० अंशांच्या हवेपेक्षा सुमारे ६ टक्के विरळ असते. अडवणारी हवाच विरळ झाल्यावर शटल लांब जातं. त्यासाठी शटलला वेगाचे क्रमांक असतात: ७६ मंद, ७७ मध्यम, ७८ वेगवान. शाळांत बहुधा नायलॉनचं शटल वापरतात. त्यावर हिरवी पट्टी म्हणजे मंद, निळी मध्यम, लाल वेगवान. आपल्या हवेत हिरवी पट्टी बरी. खात्री करायची सोपी रीत नियमांतच दिली आहे. मागच्या रेषेवरून, बाजूच्या रेषेला समांतर, खालून वर पूर्ण ताकदीने फटका मारायचा. समोरच्या मागच्या रेषेच्या आत ५३ ते ९९ सेंटिमीटरच्या पट्ट्यात शटल पडलं तर ते योग्य. क्रीडाशिक्षकांनी सामन्याच्या वेळी, त्याच सभागृहात ही चाचणी घ्यावी. सकाळी सातला योग्य वाटलेलं शटल दुपारी बाराला रेषा ओलांडू शकतं.

मुलाला वारा का हवा?

स्नायू जी ऊर्जा वापरतात तिच्यातली जेमतेम पाव हिस्सा हालचालीला लागते. बाकीची उष्णता होऊन अंगात साठते. बाहेरची हवा त्वचेइतकीच गरम असली, तर ही उष्णता बाहेर टाकायचा एकच मार्ग उरतो, तो म्हणजे घाम वाळणं. घाम नुसता गळून उपयोग नाही, तो वाळला पाहिजे. बंद, दमट सभागृहात तो वाळत नाही. डोकं दुखणं, मळमळ, चक्कर, पायात गोळे या पहिल्या खुणा. मूल असंबद्ध बोलू लागलं, तोल जाऊ लागला किंवा शुद्ध हरपू लागली, तर तो उष्माघात समजावा. अशा वेळी आधी अंगावर भरपूर पाणी ओतून जोरात वारा घालायचा, लगेच १०८ला फोन करायचा आणि रुग्णवाहिका येईपर्यंत थंड करणं थांबवायचं नाही. शुद्ध नसलेल्या मुलाच्या तोंडात पाणी घालू नये.

यावर तोडगा वेळापत्रकात आहे. सामने सकाळी सात ते अकरा या वेळात. दोन लढतींच्या मध्ये खिडक्या उघडायच्या आणि पंखे पूर्ण वेगाने सोडायचे. खेळाडूंची बसण्याची जागा सभागृहाबाहेर, सावलीत, वाऱ्याला. ११ गुणांनंतरची साठ सेकंदांची विश्रांती नियमात आहेच. ती घाईने उरकू नये.

आणि आणखी एक, जरा नाजूक गोष्ट. प्रमुख पाहुण्यांची वाट पाहत नऊला होणारं उद्घाटन, नंतर तासभर भाषणं आणि पहिला सामना साडेदहाला, हा क्रम आपल्या अंगवळणी पडला आहे. ऊन मात्र पाहुण्यांसाठी थांबत नाही. आधी सामने, नंतर भाषणं, एवढा बदल केला तरी निम्मं काम झालं.

हे सगळं दोन सकाळींत बसेल?

बसतं. समजा, सावदा, फैजपूर आणि आसपासच्या आठ शाळा आल्या. बाद पद्धतीने सात लढतींत विजेता ठरतो, पण चार शाळांची मुलं एकच लढत खेळून घरी जातात. त्यांनी महिनाभर सराव केलेला असतो, पहाटे उठून एसटी पकडलेली असते. आरोग्याच्या दृष्टीने ही पद्धत उलटी आहे. ज्यांना खेळण्याची सर्वांत जास्त गरज, तेच सर्वांत कमी खेळतात. त्याऐवजी चार-चार शाळांचे दोन गट केले, तर गटांतल्या १२ लढती, दोन उपान्त्य आणि एक अंतिम, अशा १५ लढती होतात. प्रत्येक शाळेला किमान तीन मिळतात.

पंधरा लढती म्हणजे फार वेळ, असं वाटेल. इथे जागतिक कनिष्ठ मिश्र सांघिक स्पर्धेकडून उचलण्यासारखी एक युक्ती आहे. २०२४ साली चीनमधल्या नानचांगला तिथे रिलेसारखी गुणपद्धत वापरली गेली. पहिला सामना ११ गुणांपर्यंत, पुढचे खेळाडू तिथून धागा उचलून २२ पर्यंत नेणार, असं करत ११० पर्यंत. (याच स्पर्धेत २०२५ साली गुवाहाटीत भारताच्या मुलांनी कांस्यपदक मिळवलं, या स्पर्धेतलं आपलं पहिलंच.) शाळांसाठी हे ५५ गुणांवर थांबवता येईल: मुलगे एकेरी, मुली एकेरी, मुलगे दुहेरी, मुली दुहेरी आणि शेवटी मिश्र दुहेरी. प्रत्येक संघात तीन मुलगे, तीन मुली. कोणीही दोनपेक्षा जास्त वेळा उतरायचं नाही.

हिशेब पाहा. एका लढतीत जास्तीत जास्त १०९ गुण खेळले जातील. गुणामागे २५ सेकंद धरले, तर पाऊण तास. अदलाबदल धरून तासाच्या आत. दोन मैदानांवर चार तासांत आठ लढती, म्हणजे दोन सकाळींत सोळा. आपल्याला हव्यात पंधरा. अंतिम लढतीपूर्वी अर्ध्या तासाची विश्रांती दिली, तरी रविवारी साडेअकराला बक्षिसं वाटून होतील. शिवाय मुलींचे गुण संघाच्या एकाच बेरजेत मिसळल्यामुळे मुलींचा सराव बाजूला ठेवून कोणत्याही शाळेला जिंकता येणार नाही.

शासनाच्या अधिकृत शालेय स्पर्धा त्यांच्या नियमांनीच होतात. ही रचना त्याआधी शाळांनी आपापसांत भरवायच्या स्पर्धेसाठी आहे. तालुक्याला जाण्यापूर्वी मुलांना चार लढतींचा अनुभव मिळाला, तर तिथे पाय कापत नाहीत.

जागा कुठली?

मैदान १३.४० मीटर लांब आणि ६.१० मीटर रुंद. भोवती मोकळी जागा आणि वर उंच छत हवं. प्रत्येक शाळेकडे असं सभागृह कुठून असणार? पण मंगल कार्यालयं आहेत. आषाढीपासून तुळशीच्या लग्नापर्यंत लग्नाचे मुहूर्त नसतात, म्हणजे नेमकी शालेय स्पर्धांच्या दिवसांत ती बरीचशी रिकामी असतात. अडचण फरशीची. गुळगुळीत फरशीवर पाय घसरतो, घोटा मुरगळतो. तिच्यावर बॅडमिंटनची मॅट अंथरावी. घाम आणि धूळ पुसायला प्रत्येक मैदानाशी एक मूल फडकं घेऊन बसवावं. आणि गुळगुळीत झालेल्या तळव्याच्या बुटांनी किंवा अनवाणी कोणाला खेळू देऊ नये.

सामन्याआधी दहा-पंधरा मिनिटं अंग मोकळं करणं सक्तीचं असावं. घोटा मुरगळला तर खेळ तिथेच थांबवून विश्रांती, कापडात गुंडाळलेला बर्फ, आधाराची पट्टी आणि पाय उंचावर. पायावर भार टाकता येत नसेल तर क्ष-किरण तपासणी. झपाट्याने उंची वाढणाऱ्या मुलांना गुडघ्याच्या वाटीखाली दुखतं; तिथे हाडाच्या वाढीच्या जागी उड्यांचा ताण येत असतो. 'सहन कर, सवय होईल' असं त्यांना सांगू नये.

डोळ्याची गोष्ट सर्वांत महत्त्वाची. शटलच्या बुडाचा व्यास २५ ते २८ मिलिमीटर, म्हणजे डोळ्याच्या खोबणीत नेमका बसणारा. मोठ्या चेंडूला खोबणीचं हाड अडवतं. शटल थेट बुबुळावर आदळतं. दुहेरीत जाळीजवळ उभ्या असलेल्या मुलाने वळून मागे पाहिलं की धोका वाढतो. 'मागे पाहू नको, रॅकेट चेहऱ्यासमोर ठेव' हे पहिल्या दिवसापासून शिकवावं. फटका बसलाच तर डोळा चोळू नये, दाबू नये; दुखणं थांबलं तरी त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञाला दाखवावं. आत रक्त साकळलेलं असू शकतं.

डब्यात काय?

सावद्याच्या मुलांना खेळाचा खाऊ शोधायला लांब जावं लागत नाही. या भागाची केळी रेल्वेने थेट दिल्लीपर्यंत जाते. मध्यम आकाराच्या एका केळ्यातून शंभरेक कॅलरी, पंचवीसेक ग्रॅम कर्बोदकं आणि चारशे मिलिग्रॅमच्या आसपास पोटॅशियम मिळतं. सामन्याच्या तासभर आधी एक केळं छान. मात्र 'केळं खाल्लं की गोळे येत नाहीत' ही समजूत फारशी खरी नाही. घामातून मुख्यतः जातं ते मीठ, आणि ते केळ्यात नसल्यातच जमा. म्हणून सोबत मीठ घातलेलं ताक किंवा लिंबू सरबत हवं. शेवभाजी आणि भरीत-पुरीचा बेत बक्षीस समारंभानंतर.

हा खेळ आपल्याला परका नाही. १८७०च्या दशकात त्याचे सुरुवातीचे नियम पुण्याच्या छावणीत आकाराला आले. एके काळी त्याचं नावच 'पूना' होतं. परदेशात आंतरराष्ट्रीय विजेतेपद मिळवणारे पहिले भारतीय बॅडमिंटनपटू नंदू नाटेकर सांगलीचे. ते वर्ष १९५६. २०२२ साली थॉमस चषक जिंकणाऱ्या भारतीय संघात मुंबईचा चिराग शेट्टी होता.

सावद्याच्या आठ शाळांतून पुढचा नाटेकर निघेलच असं नाही. पण अठ्ठेचाळीस मुलं-मुली दोन सकाळी भरपूर खेळली, एकही भोवळ येऊन पडलं नाही, सगळ्यांचे डोळे-घोटे शाबूत राहिले आणि सोमवारी मधल्या सुट्टीत 'सर, पुढची स्पर्धा कधी?' असं कोणी विचारलं, तर स्पर्धा यशस्वी झाली असं खुशाल समजावं.