संगणकप्रणाली आणि कार्यालयीन शब्द

नवी संगणकप्रणाली कर्मचारी केव्हा स्वीकारतो, याची दोन गमके फ्रेड डेव्हिस यांनी १९८९ साली सांगितली: तिच्या उपयुक्ततेविषयीची आणि सुलभतेविषयीची त्याची धारणा. भाषाभ्यासकास दुसरे गमक अधिक विचारार्ह वाटते. कल्याण-डोंबिवली महानगरपालिकेने या शतकाच्या पहिल्या दशकात मालमत्ता कर, जन्म-मृत्यूची नोंद इत्यादी कामे संगणकावर आणली. पुढे हाच नमुना राज्यातील अन्य नगरपालिकांपर्यंत गेला. पालिकेच्या लिपिकास 'आवक-जावक', 'टिपणी', 'थकबाकी' हे शब्द अंगवळणी पडलेले असतात. पडद्यावर त्यांच्या जागी 'प्रलंबित देयता' असे काही अवतरले, की खिडकीसमोरच्या नागरिकाशी बोलताना त्यास दर वेळी मनातल्या मनात भाषांतर करावे लागते. मग तो शेजारी जुनी नोंदवही उघडी ठेवतो. यास हट्ट म्हणणे अन्यायाचे होईल. समोरचा विचारतो 'थकबाकी किती?', आणि वहीत उत्तर त्याच शब्दाखाली सापडते.